देवाची पायली : अर्धापूर परिसरातील सुगीचा इतिहास

देवळाचा जीर्णोद्धार पुरा झाला की जमाखर्चाची वही मांडली जाते. कोणी किती रुपये दिले, सिमेंट किती लागले, पाथरवटाची आणि सुताराची मजुरी किती झाली, हे सारे त्या वहीत रीतसर उतरते. मराठवाड्यातल्या खेड्यांत एके काळी हा हिशोब रुपयांत होत नसे, पायलीत होत असे. दिवाबत्तीचे तेल, गुरवाचे पोट, सप्ताहाची पंगत आणि पडलेल्या भिंतीची डागडुजी, या सर्वांचा उगम एकाच ठिकाणी होता. ते ठिकाण म्हणजे शेतकऱ्याचे खळे. म्हणून देवळाचा इतिहास समजून घ्यायचा तर सुगीचा इतिहास आधी पाहावा लागतो.

नदी एक, सुगी अनेक

अर्धापूर हे नांदेडहून हिंगोली व नागपूरकडे जाणाऱ्या वाटेवरचे जुने गाव. गाव आणि नांदेड यांच्या मधून आसना नदी वाहते व पुढे गोदावरीस मिळते. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते. तिचे खोरे तीन लाख तेरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ आजच्या महाराष्ट्राएवढे आहे.

या एकाच नदीच्या काठी सुगी मात्र ठिकठिकाणी निराळी. वरच्या अंगाला घाटमाथ्याजवळ भात, मधल्या काळ्या जमिनीत ज्वारी, कापूस, तूर. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला तेलंगणाच्या सीमेलगत पुन्हा भाताची खाचरे. आणि अगदी शेवटी, समुद्राजवळच्या त्रिभुज प्रदेशात, नजर पोहोचेल तिथवर भातच भात. त्या प्रदेशालाही समृद्धी आपोआप लाभली नव्हती. १८३३ च्या सुमारास तिकडे भीषण दुष्काळ पडला व माणसे अन्नावाचून मेली. पुढे सर आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरने १८४७ ते १८५२ या काळात धवळेश्वरम् येथे नदीवर बंधारा बांधला, कालवे काढले, तेव्हा कोठे तो मुलूख भाताचे कोठार झाला. तिथे खरिपाचे भात घरात आले की संक्रांतीचा सण दणक्यात होतो. इकडे संक्रांतीला बाजरीची भाकरी, तीळ आणि वाणात हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी, बोरे. सुगड्यात जे पडते ते त्या त्या शिवाराचेच.

पाणी अडवून पीक निश्चित करण्याची विद्या मराठवाड्यालाही परकी नव्हती. राष्ट्रकूट काळात कंधार येथे जगत्तुंगसागर नावाचा तलाव होता, आणि देगलूरजवळच्या होट्टल येथे चालुक्यकालीन देवळे आजही उभी आहेत. जिथे धान्य साठवण्याइतके पिकले, तिथेच असे दगड एकावर एक चढले. उपाशी गाव देऊळ बांधू शकत नाही.

मृगापासून फाल्गुनापर्यंत

सुगी म्हणजे एक दिवस नव्हे. ती वर्षभराच्या कष्टाची पावती होय. मृग नक्षत्र निघाले की खरिपाची पेरणी. पोळ्याच्या आगेमागे मूग आणि उडदाच्या शेंगा तोडणीस येत. हे पहिले धान्य. जुनी ज्वारी संपत आलेल्या घरांना त्याचा मोठा आधार असे. दसरा ते दिवाळी खरीप ज्वारीची काढणी. दिवाळीपासून पुढे कापसाची वेचणी. नांदेडचा गावराणी कापूस त्याच्या चांगल्या धाग्यासाठी नावाजलेला होता. पौषात तूर. हस्त-चित्रा नक्षत्रांत पेरलेली रब्बी ज्वारी, गहू आणि हरभरा माघ-फाल्गुनात निघे. त्यानंतर शिवार मोकळे होई व यात्रा-जत्रांचे दिवस सुरू होत. देवाचे उत्सव चैत्राच्या सुमारास दाटीने येतात त्यामागे हेही एक कारण आहे. कणगीत दाणा आणि हाताला सवड, ही दोन्ही तेव्हाच एकत्र मिळत.

वर्षाचा हिशोबही सुगीवरच चाले. सालगड्याचे साल गुढीपाडव्याला संपे आणि पाडव्यालाच नवे ठरे. त्याच्या मोबदल्यात रोख रकमेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व ठरलेल्या ज्वारीला असे.

खळे आणि रास

खळे करण्यासाठी शेतातली उंच, कठीण आणि वारा लागेल अशी जागा निवडीत. ती खरडून, पाणी शिंपडून, बैलांच्या पायांनी तुडवून घट्ट करीत आणि शेणाने सारवीत. मध्यभागी तिवडा रोवला जाई. कापलेल्या ज्वारीच्या पेंढ्या बांधून कणसे खुडण्याचे काम मुख्यतः बायकांचे. पाठ वाकवून दिवसभर विळा चालवावा तेव्हा त्यांच्या पदरात मजुरीची कणसे पडत. तिवड्याभोवती कणसे पसरून बैलांची पात धरीत. तिवड्याजवळचा बैल सावकाश चालणारा आणि कडेचा बैल चपळ असावा लागे, कारण एकाच फेऱ्यात कडेच्या बैलाला किती तरी अधिक वाट तुडवावी लागते. कोणता बैल कोठे जुंपावा यात गड्याचे कसब दिसे.

मळणी झाली की उपणणी. तिवईवर उभे राहून सुपातून धान्य सोडायचे. भूस वाऱ्याबरोबर बाजूला आणि दाणा सरळ खाली. वारा पडला की काम थांबे. मग माणसे रात्र-रात्र खळ्यावर राखणीला बसत, आणि त्या बसण्यातच भजने होत, गोष्टी होत, सोयरिकी जुळत. 

रास तयार झाली की तिची पूजा होई. मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत होती. मापणारा इकडेतिकडे बोलत नसे; पायताण घालून कोणी राशीजवळ जात नसे. चिपटे, मापटे, शेर, पायली, मण, खंडी ही त्या वेळची मापे. १९५८ पासून देशात दशमान पद्धतीची वजने येऊ लागली आणि हळूहळू बाजारातून पायली हद्दपार झाली. घरातून मात्र ती बरीच वर्षे गेली नाही.

राशीतले वाटेकरी

रास घरी येण्यापूर्वीच तिला वाटे फुटत. नांगर-वखर दुरुस्त करणारा सुतार, फाळ शेवटणारा लोहार, मोट आणि नाडा करणारा चांभार, मडकी देणारा कुंभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, आणि वेशीपासून शिवारापर्यंत गावची सर्व कामे करणारे महार व मांग, या सर्वांचे बलुते खळ्यावरच दिले जाई. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे बारकाईने वर्णन केले आहे. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी असत आणि ओळीप्रमाणे धान्याचे माप कमीजास्त होई. 

याच वाटणीत देवाचा वाटा असे. त्याला ठरावीक कायदा नव्हता. घराण्याची रीत आणि त्या वर्षीचे पीक पाहून तो दिला जाई. कोणी पायली देई, कोणी सूपभर देई. ज्याचे शेतच नाही ती बाई काढणी झालेल्या शेतात सरवा वेचून त्यातली ओंजळ देवापुढे ठेवी. देवाच्या पायलीत सर्व शिवाराचा दाणा एकत्र होई व कोणता दाणा कोणाचा हे पुढे कोणास सांगता येत नसे. 

परंतु या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नाही. बलुते म्हणजे केवळ गावाचा जिव्हाळा नव्हता; तो जन्माने पाठीस लागलेला बंधही होता. कामाचा मोबदला ठरविण्याचा हक्क काम करणाऱ्याला नव्हता. पीक बुडाले की पहिली काटछाट धाकट्या ओळीच्या मापात होई. आणि ज्यांच्या कष्टाने रास उभी राहिली, ज्यांच्या हातांनी देवळाचे दगड वाहून आणले, त्यांतील कित्येकांना त्याच देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती. त्यांची ओंजळ देवाला चालत होती, पण ते स्वतः देवाच्या दारात चालत नव्हते. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, तेव्हा महाराष्ट्रातल्या गावोगावच्या देवळांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. पुढे स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आणि कालांतराने कनिष्ठ वतनेही कायद्याने रद्द झाली. गावगाडा मोडला म्हणून हळहळणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की, त्या गाड्याच्या जोखडाखालून अनेक माने मोकळ्या झाल्या.

लेव्हीचे दिवस

१९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. गावचा कारभार मालीपाटील, पोलीस पाटील आणि पटवारी यांच्या हाती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धान्याची टंचाई झाली, तेव्हा सरकारने शेतकऱ्यांवर धान्याची लेव्ही बसविली. पिकलेल्या धान्याचा ठरावीक हिस्सा सरकारी भावाने सरकारला द्यायचा, असा तो हुकूम. बाजारभाव वर आणि सरकारी भाव खाली. शिवाय अंदाज घेणारा अंमलदार शेतात न उतरताच आकडा लिही. ज्याचे पाटील-पटवाऱ्यांशी जमे त्याचा आकडा हलका आणि गरिबाचा जड, अशी तक्रार राज्यभर होती. सुगीचे दिवस आनंदाऐवजी धास्तीचे झाले. 

म्हणूनच स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने १९४७ साली अखेरचा लढा पुकारला, तेव्हा झेंडा सत्याग्रहाबरोबर लेव्ही न देण्याचा कार्यक्रमही दिला. स्वातंत्र्याची मोठमोठी व्याख्याने खेड्यातल्या माणसाला कदाचित समजली नसती. पण ‘आपल्या खळ्यावरची रास आपली’ एवढे त्याला लगेच समजले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली व मराठवाडा मुक्त झाला. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. कुळकायदा आणि इनाम-निर्मूलनाचे कायदे हैदराबाद राज्यातच पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी झाले होते. त्यांनी जमिनीचे नाते बदलले, आणि त्याबरोबर देवळाला पोसणारी जुनी साखळीही सैल होत गेली.

दुष्काळ आणि हायब्रीड

१९७२ चा दुष्काळ या भागातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून निघतो. पावसाने दगा दिला आणि त्या वर्षी कित्येक गावांत खळेच झाले नाही. तिवडा रोवला गेला नाही, पात धरली गेली नाही. शेतकरी आणि मजूर एकाच कामावर, एकाच रांगेत खडी फोडू लागले. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळे, मुलांना सुकडी मिळे. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या देवाला पायली घातली, त्या घरांनी पाटी डोक्यावर घेतली. या आपत्तीतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली व पुढे तिला कायद्याचे रूप मिळाले. मागेल त्याला काम देण्याचा हा विचार पुढे सबंध देशाने स्वीकारला.

त्याच सुमारास शेतीचेही रूप पालटत होते. १९६४ साली सी.एस.एच.-१ हा संकरित ज्वारीचा पहिला वाण प्रसारित झाला होता. १८ मे १९७२ रोजी परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. ‘हायब्रीड’ हा शब्द गावोगाव रुळला. उतारा वाढला हे खरे, आणि उपासमारीच्या आठवणी ताज्या असताना ते थोडे नव्हते. परंतु हायब्रीड लवकर पक्व होई व परतीच्या पावसात सापडून दाणा काळा पडे. भाकरीला गावरान ज्वारीची चव नाही, अशी घरोघर कुरकुर होती. ताट बुटके म्हणून कडबाही कमी. आणि कडबा कमी म्हणजे बैल सांभाळणे अवघड. पुढे मळणीयंत्र आले, ट्रॅक्टर आला. नव्वदीनंतर सोयाबीनने खरिपाची ज्वारी मागे रेटली. खळे एका वर्षात गेले नाही. ते एकेका शेतातून, एकेका बैलजोडीबरोबर गेले.

कालवा आणि केळी

अर्धापूर परिसरात या बदलाला आणखी एक कारण घडले, ते म्हणजे कालव्याचे पाणी. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे साठीच्या दशकात झाली. त्यानंतर पैनगंगेवर इसापूरचे धरण झाले व ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे पाणी या शिवारांत खेळू लागले. नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरी प्रकल्प झाला. नांदेडचे सुपुत्र शंकरराव चव्हाण यांनी पाटबंधारे मंत्री आणि पुढे मुख्यमंत्री या नात्याने मराठवाड्याच्या पाण्यासाठी जो ध्यास घेतला, त्याची या भागाला कृतज्ञ आठवण आहे.

पाणी आले आणि केळी आली, ऊस आला, हळद आली. अर्धापूरची केळी दूरदूरच्या बाजारपेठांत नावाने ओळखली जाऊ लागली. ‘अर्धापुरी’ हे केळीच्या वाणाचेच नाव झाले. कौलांच्या जागी स्लॅबची घरे आली, मुले नांदेड, औरंगाबाद, पुण्यास शिकली. आजच्या देणगीदारांच्या यादीतली कित्येक नावे या केळीच्या बागांतूनच उभी राहिली आहेत. 

मात्र केळीला खळे नसते. घड कापला, ट्रक भरला, वजन झाले, पैसे हाती आले. तिथे रास लागत नाही, ‘लाभ’ म्हणून पहिले माप पडत नाही, आणि वाटेकरी भोवती उभे राहत नाहीत. भावाचा चढउतार, वादळ-वारा आणि करपा रोग यांचा घाला एकट्या शेतकऱ्यावर पडतो. मजुराला रोख मजुरी मिळते. ती ठरविताना तो घासाघीस करू शकतो, हे जुन्या बलुत्यापेक्षा निश्चित चांगले. पण पीक साधल्याच्या आनंदात तो वाटेकरी राहिलेला नाही, हेही तितकेच खरे.

शिवाय ही सारी हिरवळ धरणाच्या पाण्यावर अवलंबून आहे. पाऊस कमी झाला की कालव्याची पाळी चुकते आणि उभी बाग डोळ्यांदेखत माना टाकते. नदीच्या पाण्यावर वरच्याचा आणि खालच्याचा हक्क किती, हा वादही या जिल्ह्याने जवळून पाहिला आहे. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात आणि १ मार्चला ठरलेले पाणी खाली सोडावे लागते. पावसाळाभर गोदावरी बाभळीला न थांबता पुढे तेलंगणात जाते. पैनगंगेचे पाणीही वर्धा आणि प्राणहितेच्या वाटेने शेवटी गोदावरीलाच मिळते. अर्धापूरच्या शिवारातून ओघळलेले पाणी आणि इसापूरहून सुटलेले पाणी अखेर एकाच त्रिभुज प्रदेशात, त्या भाताच्या खाचरांपाशी पोहोचते. नदीच्या दृष्टीने सारे शेतकरी एकाच राशीचे वाटेकरी आहेत.

जीर्णोद्धार कशाचा?

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. गरिबाचे अन्न म्हणून मागे पडलेल्या ज्वारी-बाजरीला त्यामुळे शहरांत पुन्हा मान मिळू लागला. ज्या धान्याने या भागातली माणसे आणि देवळे शतकानुशतके पोसली, त्याला मान मिळावा ही समाधानाची गोष्ट आहे.

जुने खळे परत आणता येणार नाही, आणि त्यातले जे अन्याय्य होते ते परत येऊही नये. पण त्यातले एक तत्त्व टिकविण्याजोगे आहे. राशीत प्रत्येकाचा हात असतो, म्हणून राशीत प्रत्येकाचा वाटा असतो, हे ते तत्त्व. रुपयांची देणगी पावतीवर एका नावाने लिहिली जाते आणि तसे लिहिणे योग्यच आहे. परंतु ज्यांनी विटा वाहिल्या, पाणी भरले, बांधकामाच्या दिवसांत भाकऱ्या थापल्या, त्यांची नावे पावतीपुस्तकात येत नाहीत. अशा सर्वांची नोंद देवस्थानाच्या दप्तरात राहावी. 

तसेच गावातल्या अनेक घरांच्या माळ्यावर अजून जुनी पायली, मापटे, सूप, तिवई, बैलांची मुसकी पडून असतील. ती भंगारात जाण्यापूर्वी देवळाच्या ओवरीत मांडून ठेवली, तर पुढच्या मुलांना आजोबा-पणजोबांची सुगी डोळ्यांनी पाहता येईल. उत्सवाच्या पंगतीत एक दिवस तरी शिवारातल्या ज्वारीची भाकरी असावी, आणि त्यासाठी ज्याला जमेल त्याने पायलीभर, ज्याला न जमेल त्याने ओंजळभर धान्य आणावे. ते धान्य एकाच राशीत ओतले जावे. त्या राशीला हात लावण्यास आता कोणालाही आडकाठी नाही, आणि देवळाची पायरीही सर्वांना सारखीच खुली आहे. या देवळाचा कळस जितका उंच, तितकीच त्याच्या पायरीवरची ही समता ग्रामस्थांना अभिमानाची वाटावी.